लॉकची सहिष्णुता आणि सातपुड्याचे देव

गेल्या पावसाळ्यात आमच्या नंदुरबार शहरी ‘परधर्मसहिष्णुता’ या विषयावर एक व्याख्यान झाले. वक्ते बहुश्रुत, वाणी शुद्ध, आणि श्रोतृवर्ग म्हणजे गावातील वकील, डॉक्टर, शिक्षक, निवृत्त अधिकारी व त्यांची कुटुंबे. वक्त्यांनी जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याचे १६८९ साली प्रसिद्ध झालेले सहिष्णुतेवरील पत्र आधारास घेतले आणि राजसत्तेने कोणाच्याही उपासनेत हात घालू नये हा सिद्धांत इतक्या प्रासादिक रीतीने मांडला की, आम्हीही मनापासून टाळ्या वाजविल्या. पुढे चहाच्या वेळी कोणीतरी सातपुड्यातील वनहक्काच्या दाव्यांचा विषय काढला. तेव्हा तेच वक्ते सहज म्हणाले, ‘‘अहो, या लोकांना धर्म असा नाहीच. दगडाला शेंदूर फासायचा आणि त्यावर दारू ओतायची. आणि जमीन म्हणाल, तर ती यांनी कसली केव्हा? जंगल तोडून बसले आहेत, झाले.’’ भोवतालच्या चार-पाच मंडळींनी माना डोलाविल्या. आम्ही तेथे काही बोललो नाही, ही आमची चूक. ती दुरुस्त करण्यासाठीच हा लेख.

वक्त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ते एकटे नाहीत. असली दोन वाक्ये आमच्या वर्गातल्या दिवाणखान्यांत रोज बोलली जातात आणि ती बोलणारी माणसे स्वभावाने दुष्ट नसतात. घरी येऊन आम्ही लॉकचे ग्रंथ पुन्हा काढले. प्रथम आम्हांस वाटले होते की, व्यासपीठावरचे विचार आणि चहाच्या पेल्यावरचे विचार यांत विसंगति आहे. वाचता वाचता कळून चुकले की, तसे मुळीच नाही. व्यासपीठावर लॉक बोलत होता आणि चहाच्या वेळीही लॉकच बोलत होता. फरक इतकाच की, पहिल्या वेळी त्याचे नाव घेतले होते.

लॉकचे जे श्रेय आहे ते प्रथम पदरात घातले पाहिजे. ज्या युरोपात कॅथॉलिक प्रॉटेस्टंटास आणि प्रॉटेस्टंट आपल्याच पोटपंथीयास जाळीत, हद्दपार करीत किंवा तुरुंगात कुजवीत होते, त्या युरोपात या गृहस्थाने असे लिहिले की, मूर्तिपूजक, मुसलमान किंवा यहुदी यांस केवळ त्यांच्या धर्मासाठी नागरिकत्वाचे हक्क नाकारता येत नाहीत. अमेरिकेतील मूळ रहिवाशांविषयी तर तो त्याच पत्रात स्पष्ट म्हणतो की, ते ख्रिस्ती होत नाहीत म्हणून त्यांची जमीन हिरावून घेण्याचा अधिकार कोणासही नाही. वासराचा बळी द्यावयाचा असेल आणि वासरू ज्याचे त्याचे असेल, तर राजाने मध्ये पडू नये, असेही उदाहरण त्याने घेतले आहे. आमच्या वक्त्यांनी हे उदाहरण व्याख्यानात गाळले. का गाळले ते श्रोत्यांकडे पाहून समजण्यासारखे होते. मर्यादाही त्याने घालून ठेविल्या आहेत. नास्तिकास सहिष्णुतेचा लाभ नाही, कारण ज्यास देवाचे भय नाही त्याच्या शपथेस व वचनास किंमत काय, असे त्याचे म्हणणे. परक्या राजाची आज्ञा मानणाऱ्या पंथासही नाही. हा बाण पोपच्या अनुयायांवर होता. या मर्यादांवर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस त्यांतील पहिलीच तेवढी कामाची आहे.

नास्तिकास सहिष्णुता नाही, हे ठरल्यावर नास्तिक कोण हे ठरविणे आले. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनावरील आपल्या मोठ्या निबंधात लॉकने काही राष्ट्रेच्या राष्ट्रे अशी सांगितली आहेत की, ज्यांस देवाची कल्पनाच नाही. असे लिहिण्यात त्याचा हेतु त्यांस हिणविण्याचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. ईश्वराची कल्पना मनुष्य जन्मतःच मनात घेऊन येतो, असे त्याच्या देशातील धर्मपंडित म्हणत; ते त्यास खोडावयाचे होते. परंतु खोडण्यासाठी त्याने साक्षीदार कोण आणिले? तो स्वतः अमेरिकेस गेला नाही, आफ्रिकेस नाही, हिंदुस्थानास नाही. त्याच्याजवळ प्रवासवर्णनांचा मोठा संग्रह होता. त्यांतून त्याने जी नावे समासात टिपली, त्यांत सर टॉमस रो, एडवर्ड टेरी आणि जॉन ओव्हिंग्टन ही तीन आहेत. आमच्या वाचकांस ही नावे अगदीच परकी नसावीत, कारण हे तिघेही सुरतेस उतरलेले होते. टेरी हा रोच्या वकिलातीतील धर्मोपदेशक, तर ओव्हिंग्टन सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेच्या इंग्रजी वखारीत होता.

त्यांतही रोचा संबंध आमच्या गावाशी आहे. पहिल्या जेम्स राजाचा वकील म्हणून तो जहांगीर बादशहाकडे निघाला. ऑक्टोबर १६१५ च्या अखेरीस सुरत सोडून तो बऱ्हाणपुराकडे वळला आणि नोव्हेंबरात नंदुरबारावरून पुढे थाळनेर-चोपड्याच्या वाटेने गेला. वाटेतील मुलूख त्यास दरिद्री व ओसाड दिसला. गावे मातीची, उतरावयास धड घर नाही, अशी त्याची तक्रार. त्याच्या वाटेच्या उत्तरेस सातपुडा होता. त्यात कोण राहते, काय पेरते, कोणास नवस करते, हे जाणण्याचे त्यास प्रयोजन नव्हते. तो बादशहाच्या भेटीस निघाला होता.

लॉकने रोची जी साक्ष घेतली आहे ती मात्र खानदेशाविषयी नव्हे. ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या उपसागराविषयी आहे. हिंदुस्थानास येताना जून १६१५ मध्ये रोची जहाजे तेथे पाणी व मांस घेण्यासाठी थोडे दिवस थांबली. किनाऱ्यावर गुरे राखणारे लोक त्याने पाहिले. त्यांची भाषा त्यास येत नव्हती. त्यांच्या वस्तीत तो राहिला नाही. तरी त्याने लिहून टाकिले की, यांस देव नाही, धर्म नाही. ते लिखाण थेव्हेनोच्या फ्रेंच संग्रहात गेले, तेथून लॉकच्या टिपणवहीत, तेथून निबंधात, आणि निबंध पुढे दोनशे वर्षे युरोपभर शिकविला गेला. गुरे आणि पाणी यांच्या सौद्यासाठी किनाऱ्यावर उतरलेल्या मनुष्याचे एक वाक्य असे तत्त्वज्ञानात जाऊन बसले. आता कोणी म्हणेल की, बिचाऱ्या लॉकने प्रवाशांवर विश्वास ठेविला यात त्याचा काय दोष? दोष असा की, साक्ष कशी पारखावी याचे नियम त्याच निबंधाच्या चौथ्या खंडात त्यानेच घालून दिले आहेत. साक्षीदार किती आहेत, ते प्रामाणिक आहेत काय, त्यांस त्या विषयाची जाण आहे काय, ग्रंथातील साक्ष असेल तर ग्रंथकाराचा हेतु काय, तपशील आपसांत जुळतात काय, उलट साक्ष आहे काय. सहाही प्रश्न चोख आहेत. आमचे आव्हान असे की, यांतील ‘विषयाची जाण’ हा एकच प्रश्न रोला विचारून पाहावा. भाषा न येणारा मनुष्य थोड्या दिवसांत दुसऱ्याचे पशु मोजू शकेल. त्याचा देव नाही हे कसे सांगणार? ज्याने ही कसोटी घडविली, त्यानेच ती गोऱ्या प्रवाशाच्या शब्दास लावली नाही.

याच निबंधात लॉकने आपल्यालाही एक टोला दिला आहे. पृथ्वी हत्तीवर उभी, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर हे मात्र ठाऊक नाही, असे सांगणारा एक हिंदी मनुष्य त्याने थट्टेस घेतला आहे. एके वर्षी हा उतारा वर्गात आला तेव्हा मुलांपेक्षा आमच्या सहकाऱ्यांसच त्याचा अधिक राग आला होता. उपनिषदे लिहिणाऱ्या देशाची ही संभावना! वेदान्ताची ओळख नसलेल्याने आम्हांस कासव शिकवावे! राग योग्य होता. परंतु ज्यांस हत्ती-कासवाचे शल्य तीनशे वर्षांनंतर बोचते, तेच लोक ‘यांना धर्मच नाही’ हे वाक्य पन्नास-साठ मैलांवर राहणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांविषयी उच्चारतात, आणि तेही रोइतकीच भाषा जाणून. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. येथे जन्म काढून भिल्ली, पावरी, मावची यांपैकी एकाही बोलीत ‘पाणी द्या’ एवढेसुद्धा म्हणता न येणारे पदवीधर आम्ही डझनावारी दाखवू. त्यांत आम्ही स्वतःही वयाच्या चाळिशीपर्यंत होतो.

आता जमिनीकडे वळतो, कारण खरा घाव तेथे आहे. धर्माच्या कारणासाठी अमेरिकनांची जमीन घेता येत नाही, हे लॉकने पत्रात लिहिले. कॅरोलायना वसाहतीच्या मालक-सरदारांचा तो चिटणीस होता. त्या वसाहतीची १६६९ सालची जी मूळ घटना, तिच्या लेखनात त्याचा हात होता. तिच्यातही असेच कलम आहे की, तेथील रहिवाशांची मूर्तिपूजा वा अज्ञान हे त्यांस हाकलण्याचे कारण होऊ शकत नाही. (त्याच घटनेत गुलामाचा धर्म कोणताही असो, मालकाची त्यावर पूर्ण सत्ता राहील, असेही कलम आहे, आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग लॉकने घेतले होते.) परंतु राज्यव्यवस्थेवरील त्याच्या दुसऱ्या ग्रंथाचे पाचवे प्रकरण उघडावे. तेथे मालकी कशी उत्पन्न होते याचा विचार आहे. देवाने पृथ्वी सर्वांस सामाईक दिली. मनुष्य तिच्यात आपले श्रम मिसळतो आणि तेवढा तुकडा त्याचा होतो. येथवर ठीक. मग श्रम म्हणजे काय? नांगरणे, पेरणे, कुंपण घालणे. जेथे हे नाही ती भूमि पडीक. अमेरिकेच्या रानात शिकार करणाराने मारलेले हरिण त्याचे. पण ते हरिण ज्या रानात चरले ते रान कोणाचेच नाही. इंग्लंडातील एकर आणि अमेरिकेतील एकर यांच्या उत्पन्नाचा तो हिशेब मांडतो आणि अमेरिकनाचा एकर हजारपटीने हलका ठरवितो. येणेप्रमाणे धर्माने जी जमीन घेता येत नव्हती ती नांगराने घेता येऊ लागली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार इतका सफाईदार आहे की, तो प्रथमदर्शनी ध्यानातही येत नाही.

‘तो काळच तसा होता,’ हे उत्तर आम्ही ऐकून आहो. ते खरे नाही. लॉक लहान असतानाच, १६३० नंतरच्या वर्षांत, रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने अमेरिकेत उभे राहून सांगितले होते की, शिकारीसाठी रान राखणारे व झुडूप जाळून ते साफ ठेवणारे लोक त्या रानाचे मालक होत. नाहीतर इंग्लंडातील उमरावांची शिकारीची राने तरी त्यांची कशी? त्याच्याही आधी, १५८० साली, फ्रान्सात माँतेन्यने ब्राझीलच्या लोकांवर निबंध लिहून, आपल्या चालीरीतींहून निराळे ते रानटी असे म्हणण्याच्या सवयीची टर उडविली होती. म्हणजे दुसरा विचार त्या काळी उपलब्ध होता. मालक-सरदारांच्या चिटणिसास तो सोयीचा नव्हता, इतकेच.

आता हे सर्व सातपुड्यास लावून पाहू. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांच्या डोंगरांत जो शेतकरी उतारावर झाडोरा तोडी, जाळी, राखेत ज्वारी, मोर, बंटी पेरी आणि दोन-चार वर्षांनी तो तुकडा रानास परत देऊन पुढे सरके, त्याची शेती इंग्रजांस शेती दिसली नाही. १८१८ साली खानदेश कंपनीच्या हाती आला. १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभारून भिल्लांस वठणीवर आणण्याचे काम सुरू झाले. १८७८ चा जंगलकायदा आला आणि त्यापुढे डोंगर सरकारचा, त्यावरचा मनुष्य सवलतीने राहणारा, अशी रीत पडली. कायदा करणाराने लॉक उघडून पाहिला असेल असे आमचे म्हणणे नाही. पडीक या एका शब्दात लॉक होता. त्या शब्दाचा नातू म्हणजे आज सर्रास वापरला जाणारा ‘अतिक्रमण’ हा शब्द. आजा-पणजाच्या थडग्याशेजारी ज्वारी पेरणाऱ्यास आपण अतिक्रमणदार म्हणतो, आणि काल-परवा बदली होऊन आलेल्या आम्हांस नंदुरबारकर म्हणतो.

बरे, जेथे त्यांनी नांगर धरिला तेथे काय झाले? तापीच्या काठच्या शहादे-तळोद्याच्या काळ्या जमिनीत भिल्ल नांगरीत होते, पेरीत होते. लॉकच्या न्यायाने ती जमीन त्यांची झाली पाहिजे होती. तेथे नांगर कोणी विचारला नाही; तेथे कागद विचारला. सावकाराच्या वहीतील अंगठा विचारला. शेताचा मालक आपल्याच शेतात सालदार झाला. १९७२ साली शहादे येथे भूमुक्तीसाठी भिल्ल जमले, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भजने म्हणणारा कार्यकर्ता त्यांचा पुढारी झाला, श्रमिक संघटना उभी राहिली, आणि १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळास करावा लागला. यावरून उघड होते की, डोंगरात नांगर नाही म्हणून आणि मैदानात कागद नाही म्हणून, अशी दोन ठिकाणी दोन कारणे वापरण्यात आली. निकाल दोन्हीकडे एकच लागला. तेव्हा नांगराचा सिद्धांत निदान येथे तरी प्रामाणिकपणे पाळला गेला असे कोणी म्हणू नये.

धर्माचे काय? ज्यांस धर्म नाही म्हणतात त्यांची देवी याहामोगी देवमोगऱ्यास आहे. ते ठिकाण आज गुजरातेत पडते, पण महाशिवरात्रीस तेथे जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील माणसांस ती सीमा ठाऊक नाही. टोपलीत नवे धान्य घालून ते चालत जातात. अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या दिवसांत अश्वत्थाम्याची यात्रा असते. आमच्या महाभारतातील तो शापित वीर त्यांच्या डोंगरावर कसा वसला, हा कोणाही संशोधकास मोह पडावा असा विषय आहे. वाघदेवाची पूजा आहे, इंदल आहे, नवे पीक देवास दाखविल्यावाचून तोंडात न घालण्याचा नेम आहे. आमच्या घरांतून आषाढात कांदे-वांगी वर्ज्य करण्याचा नेम गेला. त्यांचा तो नेम पुष्कळ पाड्यांवर अजून आहे. काठी येथील होळी तर आता सर्वांनाच ठाऊक झाली आहे. रात्रभर नाच चालून पहाटे ती पेटते, आणि तिची छायाचित्रे काढण्यासाठी आमची मंडळी मोटारी घेऊन जातात. इतकेच नव्हे, तर या लोकांनी आपली धर्मसुधारणाही केली आहे. तळोदे तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज १९३८ साली वारले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांस ‘आप’ म्हणून मान द्या, ही त्यांची शिकवण ऐकण्यास हजारोंचा समुदाय जमत असे. ज्यांस धर्म नाही त्यांत संत कोठून निघाला? या लोकांस हिंदु म्हणावे की निराळे, हा वाद आम्ही येथे मुळीच काढणार नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली आहे आणि त्या शाईने एकाही पाड्याचा एक गुंठा परत मिळालेला नाही.

लॉकच्या सहिष्णुतेतील खरी गोम येथेच आहे, असे आमचे मत आहे. त्याच्या लेखी धर्म म्हणजे मनाची आतील खात्री. बाहेरची सत्ता मनापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिने धर्मात जबरदस्ती करू नये. युक्तिवाद सुंदर आहे आणि त्याने युरोपातील लक्षावधी लोकांचे प्राण वाचविले असतील. परंतु ज्याचा देव मनात नसून समोरच्या डोंगरावर आहे, ज्याची प्रार्थना शब्दांत नसून नव्या ज्वारीच्या पहिल्या कणसात आहे, त्यास ही सहिष्णुता काय देते? ती त्यास सांगते, ‘तुझी खात्री तुझ्यापाशी ठेव, डोंगर आमच्याकडे दे.’ चर्चमध्ये जाणाऱ्यास नव्या गावी नवे चर्च बांधता येते. वारकऱ्यास मुंबईत विठ्ठल मिळतो. वाघदेवाचा दगड ज्या वाटेवर आहे तेथून त्यास उचलून पुनर्वसनाच्या वसाहतीत सिमेंटच्या ओट्यावर बसविला, तर तो वाघदेव राहतो काय, हा प्रश्न त्यांस विचारावा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी ३३ गावे आली ती याच दोन तालुक्यांतील. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले तेव्हा गोरा येथे नवे देऊळ बांधले गेले, हे उचितच झाले. पाड्यापाड्यांच्या देवांस कोणत्या हिशेबात धरले? जमिनीच्या बदल्यात जमीन देतानासुद्धा कागदावर नाव नसलेला शेतकरी शेतकरी ठरेना, हा त्या लढ्यातील मोठाच प्रश्न होता. पुन्हा तेच पाचवे प्रकरण.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. सातपुड्याचे रान उघडे पडत चालले आहे. उतारावरची माती तापीत आणि नर्मदेत वाहून जाते. नव्या नव्या तोडीस हक्काचे नाव दिले तर उरलेलेही जाईल. आम्ही गेली पंचवीस वर्षे तोरणमाळच्या वाटेने जात आहो आणि झालेला फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. त्यात नव्या शेतीचाही वाटा आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु साग मालमोटारींतून कोठे गेला, त्याच्या फळ्या कोणाच्या दारांना लागल्या, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. आम्ही ज्या मेजावर हा लेख लिहीत आहो ते सागवानी आहे.

कायद्यापुरते बोलावयाचे तर आपल्या संसदेने लॉकच्या पुढे एक पाऊल टाकले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या प्रस्तावनेतच कबूल केले. व्यक्तीच्या हक्कासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. म्हणजे येथेही ‘तू कसलेस काय?’ हा प्रश्न आहेच. पण त्या कायद्याखालील नियमांत पुराव्यांची जी यादी आहे ती आमच्या वाचकांनी अवश्य वाचावी. तीत विहिरी आणि दफनभूमि यांच्या जोडीने पवित्र स्थाने हाही पुरावा म्हणून सांगितला आहे, आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांची लिहून घेतलेली जबानीही. देवाचा दगड हा सातबाराच्या बरोबरीने दप्तरात येऊ शकतो, हे आमच्या राज्यकारभारात प्रथमच घडले. पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओरिसातील नियमगिरीच्या प्रकरणात, डोंगरावरील देवाविषयीचा हक्क ग्रामसभांनी ठरवावा, असा निर्णय दिला. त्या वेळी विचारलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. सभागृहांत सहिष्णुतेवर बोलणाऱ्यांनी या बारा सभांचा अभ्यास लॉकच्या पत्राइतक्याच आदराने करावा अशी आमची सूचना आहे.

कायदा पुढे गेला, पण कायदा चालविणारे हात चहाच्या वेळी माना डोलाविणाऱ्यांच्याच घरांतून येतात. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा दावा असाच फेटाळला गेला. गाव धडगावाच्या पलीकडचे. कोणत्या कचेरीत फेटाळला ते सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण असे दिले की, उपग्रहाच्या छायाचित्रात त्या ठिकाणी शेत दिसत नाही, झाडोरा दिसतो. झाडोरा दिसणारच. त्या वर्षी तो तुकडा त्यांनी मोकळा सोडला होता. रोने निदान किनाऱ्यावर पाय तरी ठेविला होता. येथे साक्षीदार आकाशातून खालीच उतरला नाही. नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने असे स्पष्ट सांगितले आहे की, उपग्रहाचे छायाचित्र इतर पुराव्यास पूरक म्हणून घ्यावे, त्याच्या जागी घेऊ नये. हे वाक्य आम्ही त्या मुलास दाखविले तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, हे त्यांना ठाऊक नसेल काय?’’ आम्ही उत्तर दिले नाही.

अपिलासाठी पाड्यावरील तीन वृद्धांची जबानी लिहून घ्यावयाची ठरली. मुलाने ती पावरीतून सांगितली, आम्ही मराठीत उतरविली. वाघदेवाचा दगड नाल्याच्या कोणत्या अंगास आहे, त्यास शेवटचा बोकड कोणत्या दुष्काळी वर्षी दिला, कोणाच्या आजाने त्या तुकड्यात प्रथम बंटी पेरली आणि कोणास तेथेच पुरले, हे सर्व तीत आहे. साक्षीदार तीन, तिघांचे तपशील एकमेकांशी जुळतात, आणि विषयाची जाण त्यांच्याहून अधिक कोणास असणार! लॉकच्या सहा प्रश्नांपैकी एकासही ती जबानी अडत नाही. दोन पाने झाली. अपील दाखल होऊन आता सहा महिने होत आले आहेत.